केमोनंतरचे २१ दिवस: घरी काय करायचं आणि गाडी कधी काढायची

केमो दवाखान्यात चार-पाच तासांत उरकते. उरलेले वीस दिवस घरी काढायचे असतात आणि खरी गडबड तिथेच होते. मिरज, कराड, सातारा इथं आता केमोची सोय असल्यानं दर वेळी मुंबई गाठावी लागत नाही. बरेच जण टाटाहून उपचाराचा आराखडा घेतात आणि डोस इथेच लावून घेतात. पण सलाईन संपली की पेशंट संध्याकाळी जतला, आटपाडीला, पाटणला, दहिवडीला परततो; हातात गोळ्यांची पिशवी आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड. त्या पिशवीतलं काय कधी घ्यायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, एवढ्यापुरतं हे लिखाण.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनानं आकडे टाकायचे. सुई लागली तो दिवस १. तिथून पुढे २१ पर्यंत. सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतच्या चौकटी लाल करायच्या, कारण या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तुमची सायकल, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ, १४ दिवसांची असेल किंवा दर आठवड्याची असेल तर लाल दिवस कोणते ते डॉक्टरांना विचारून घ्या, पण आकडे टाकाच. कारण केमोच्या त्रासाला वेळापत्रक असतं. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातं: गाठीच्या पेशी, आणि त्यांच्यासोबत तोंडाचं-आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, हाडांतला मगज. प्रत्येक ठिकाणच्या जुन्या पेशी संपायला वेगवेगळा वेळ लागतो, म्हणून उलटी पहिल्या दिवशी, तोंड आठवड्यानं आणि केस दोन-तीन आठवड्यांनी. आज कितवा दिवस आहे हे माहीत असलं की निम्मी घालमेल तिथेच संपते.

पहिले पाच दिवस

उलटी थांबवायची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, ती घड्याळावर घ्यायची असते. "आता मळमळत नाही, मग कशाला गोळी" असं म्हणून दुसऱ्या दिवशी गोळी सोडली जाते आणि तिसऱ्या दिवशी पेशंट बादली धरून बसतो. सिस्प्लॅटिनसारख्या औषधांची उलटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जोर धरते. त्यामुळं पहिला दिवस बरा गेला म्हणून फसायचं नाही.

पिशवीत साधारण तीन-चार प्रकार असतात. ऑन्डॅन्सेट्रॉन ८ मिलिग्रॅम ही नेहमीची गोळी. तिनं डोकं दुखतं आणि पोट घट्ट होतं. ॲप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल असल्या तर पहिली १२५ ची, ती केमोआधी तासभर. उरलेल्या दोन ८० च्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी. पाकिटात अदलाबदल करू नका. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. सकाळी नाश्ता झाल्यावर घ्यायचं. दुसरी गोळी असली तर ती दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी नको, नाहीतर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर चढते, रोज तपासा. गोळी थांबली की चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम गळाठल्यासारखं होतं. तो स्टेरॉइड उतरल्याचा परिणाम, आजार वाढलेला नसतो. याच औषधानं, आणि सिस्प्लॅटिननंही, उचकी लागते. कुणी आठवण काढतंय म्हणून सोडून देऊ नका. दोन दिवस उचकी थांबली नाही तर माणूस जेवू-झोपू शकत नाही, आणि त्यावर औषध आहे.

ओलॅन्झापिनबद्दल वेगळं सांगायला हवं. रात्री घ्यायची ही बारीक गोळी मोबाईलवर शोधली की मानसिक आजाराचं औषध म्हणून दिसते, आणि घरातलं कुणीतरी ती गुपचूप बाजूला काढून ठेवतं. छोट्या डोसमध्ये ती मळमळीवर फार चांगली चालते, म्हणूनच दिलेली असते. झोप आणते, त्यामुळं रात्री लघवीला उठताना कुणीतरी हात धरायला हवा.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटीत पडली तर पुन्हा घ्यायची का, हे फोन करून विचारा. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद होऊन कमी झाली असेल, तर घरी थांबू नका.

प्रवासाचंही बघून घ्या. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात, किंवा पाटणच्या वळणांवर, मळमळ हमखास उसळते. रिकाम्या पोटी बसू नये, दोन टोस्ट किंवा मूठभर चुरमुरे खाऊन निघावं, पुढच्या सीटवर बसावं, पिशव्या हाताशी ठेवाव्यात. घरी फोडणीचा वास हा मळमळीचा मोठा शत्रू. लसणाची फोडणी आणि मिरचीचा ठसका उठायच्या वेळी पेशंटला अंगणात किंवा दुसऱ्या खोलीत बसवा. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून कोमट खाणं सोसतं. तीन जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी चार घास. आवडीचा पदार्थ या दिवसांत मुद्दाम देऊ नका. ज्या खाण्याबरोबर उलटी जोडली जाते ते पुढे कित्येक महिने नकोसं होतं.

याच काळात मोरी-संडासची काळजी घ्यायची. औषधाचा अंश लघवी, संडास, उलटीतून बाहेर पडतो. निदान ४८ तास संडास वापरल्यावर दोनदा भरपूर पाणी टाका, पुरुषांनीही बसून लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. उलटीची बादली, माखलेले कपडे हातमोजे घालून उचला, ते वेगळे धुवा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिच्याकडे नको. सोबत जेवायला, जवळ बसायला, नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. केमो शिवल्यानं लागत नाही. शरीरसंबंधात निदान या ४८ तासांत कंडोम हवाच, आणि पाळी थांबली असली तरी गर्भ राहू शकतो, म्हणून उपचार संपेपर्यंत आणि पुढे डॉक्टर सांगतील तोवर संततिनियमन सोडू नका. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध लागलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग, रक्त नव्हे. सायक्लोफॉस्फमाइड असेल तर मात्र दोन-तीन लिटर पाणी पिऊन दर दोन तासांनी लघवीला जायचं, रात्री झोपण्यापूर्वीही. ते मूत्राशयात साचून राहिलं की आतलं अस्तर सोलतं. हृदयाचा, किडनीचा त्रास असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण विचारून घ्यावं.

पोट: कधी खडा, कधी पाणी

बद्धकोष्ठ बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतं, कारण ऑन्डॅन्सेट्रॉन आतडं मंदावतं, पाणी कमी पडतं, आणि दुखण्यासाठी मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल चालू असेल तर विचारायलाच नको. दोन दिवस संडास झाली नाही की लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध विचारून सुरू करा, पाचव्या दिवसाची वाट बघू नका. लाल दिवसांत एनिमा, गुदद्वारातून द्यायची गोळी किंवा बोट घालून खडा काढणं अजिबात नाही. तिथं बारीक चीर पडली तरी जंतू थेट रक्तात जातात.

जुलाब वेगळी गोष्ट. कॅपेसिटॅबिन, ५-एफयू, इरिनोटेकॅन यांनी होतात. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा संडास, रात्री उठवणारे जुलाब, रक्त किंवा ताप, यातलं काहीही असेल तर फोन. लोपेरामाइड २ मिलिग्रॅमची गोळी आधी दोन आणि मग दर पातळ संडासमागे एक, दिवसाला जास्तीत जास्त आठ, असं साधारण प्रमाण असतं, पण ताप किंवा रक्त असताना ती स्वतःहून घ्यायची नाही. कॅपेसिटॅबिन गोळ्या घरी चालू असताना जुलाब किंवा तोंड फार आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करायचा. "कोर्स पुरा करायचाच" या हट्टापायी तारखेपर्यंत गोळ्या गिळत राहणारे पेशंट भरती होतात.

पाणी भरून काढायला ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचं. अर्ध्या तांब्यात अर्धं पाकीट असा अंदाजपंचे हिशोब नको. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. खोक्यातून मिळणारी गोड फळपेयं हे काम करत नाहीत, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढतात.

तोंड येतं तेव्हा

पाचव्या-सहाव्या दिवसापासून तोंडात आग, मग पांढरट-लाल चट्टे, आणि साधारण चौदाव्या दिवसापर्यंत भरून येणं, असा क्रम असतो. तोंड यायच्या आधीच, दिवस १ पासून, गुळण्या चालू करायच्या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा. खाण्याचाच, धुण्याचा सोडा नव्हे, आणि केकची बेकिंग पावडरही नव्हे. रोज ताजं करायचं, उरलेलं रात्री ओतून द्यायचं. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चार-सहा वेळा, अर्धा मिनिट तोंडात फिरवून थुंकायचं. झोंबलं तर मीठ निम्मं करा.

झणझणीत चवीचं तयार माउथवॉश नको, त्यात बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. ब्रश लहान मुलांचा, मऊ केसांचा. कवळी रात्री काढून ठेवायची, आणि तोंड आलं असेल तर फक्त जेवणापुरती घालायची.

आता आपल्या भागातली अडचण: मिश्री. कितीतरी बायका सकाळी चुलीपुढं मिश्री लावल्याशिवाय हलत नाहीत, आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारलं तर नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. ती भाजलेली तंबाखूच आहे. आलेल्या तोंडावर ती चोळली तर जखम भरणं लांबतं, आणि बाकीचे तोटे आहेतच. आधी विचारताना "मिश्री लावता का" असाच शब्द वापरा, म्हणजे खरं उत्तर मिळतं.

५-एफयू झटकन शिरेतून देतात तेव्हा पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे धरले तर रक्तपुरवठा तात्पुरता कमी होतो आणि तोंड कमी येतं. स्वस्त आणि उपयोगी युक्ती, पण सोबत ऑक्सालिप्लॅटिन असेल तर बिलकुल नको. का ते पुढे येतंच.

जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, तो पुसला की खाली लाल, असं दिसलं तर ती बुरशी. त्याला गुळणी पुरत नाही, क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध किंवा गोळी लागते. जेवताना घास उतरत नसेल तर जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं लावायचं बधिर करणारं जेल डॉक्टर लिहून देतात. ते लावून गरमागरम चहा पिऊ नका, भाजलेलं कळत नाही.

कणकण

आपल्याकडं ताप कधी सांगितला जात नाही. "जरा कणकण आहे," "अंग मोडून आलंय," "ऊन लागलं असेल" असंच येतं, आणि त्यावर गावातल्या मेडिकलमधून एक पॅरासिटामॉल. एरवी ठीक. केमोच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात हीच सवय जीवावर बेतू शकते.

पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या पहिल्या फळीच्या. त्या रक्तात फार काळ टिकत नाहीत, मगजातून सतत नव्या याव्या लागतात. केमोनं तो पुरवठा थांबला की आठवड्याभरात साठा संपतो. मग जंतू आत शिरला तर पू होत नाही, सूज येत नाही, घसा लाल दिसत नाही, कारण पू करायलाही याच पेशी लागतात. एकच खूण उरते, ताप. ती पॅरासिटामॉलनं झाकली की काहीच उरत नाही.

म्हणून घरात चालू स्थितीतला डिजिटल थर्मामीटर हवा, आणि एक जादा सेल. जिभेखाली धरायचा, चहा-पाणी घेतल्यावर वीस मिनिटं थांबून. काखेत मोजला तर साधारण एक अंश फॅरनहाइट कमी दाखवतो, त्यामुळं काखेत ९९.५ दिसला तरी जिभेखाली पुन्हा मोजा. गुदद्वारात मोजायचा नाही. जिभेखाली १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, एकदा जरी आला तरी दवाखान्यात फोन आणि गाडी बाहेर. रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळपर्यंत थांबणं हीच ती चूक. थंडी वाजून हुडहुडी भरली, धाप लागली, म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर थर्मामीटर काहीही म्हणो, निघायचं. स्टेरॉइड चालू असलेल्यांना आणि वयस्करांना ताप चढतोच असं नाही.

गावातल्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन आणि सलाईन लावून "बघू सकाळी" हा पर्याय इथं नाही. लागतं ते वेगळं: सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, रक्तात जंतू आहेत का ते बघणारं कल्चर, आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक, शक्यतो दवाखान्यात पोचल्यापासून तासाच्या आत. जतहून मिरज, पाटणहून कराड, मेढ्याहून सातारा, प्रत्येकाचं अंतर वेगळं. म्हणून लाल दिवस सुरू व्हायच्या आधीच कुणाची गाडी, कोण चालवणार, त्याचा नंबर, आणि तो नसला तर दुसरा कोण, हे ठरलेलं असावं. १०८ आहेच. कॅज्युअल्टीच्या टेबलावर पहिलं वाक्य "ताप आलाय" नसावं, "केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप १०१" असं असावं. रात्रीचा डॉक्टर नवा असतो, ताप म्हटलं की रांगेत बसवतो.

एका कागदावर कॅन्सर कुठला, औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, ॲलर्जी, इतर गोळ्या, आणि पोर्ट किंवा पिक लाईन (औषध द्यायला शिरेत बसवून ठेवलेली नळी) आहे का, एवढं लिहून पाकिटात ठेवा. फाईल कपाटात राहते, पाकीट सोबत येतं.

पेशींचा हिशोब घरी करता येतो. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी २४०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर २४०० चे ३० टक्के म्हणजे ७२०. हजाराच्या खाली जपून, पाचशेच्या खाली फार जपून. नुसता एकूण आकडा बघून समाधान मानू नका.

पेशी वाढवायचं इंजेक्शन, फिलग्रास्टिम किंवा त्याचा लांब टिकणारा प्रकार, केमो संपल्यावर निदान २४ तासांनी देतात. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. सांगलीच्या मेडिकलमधून घेऊन एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत टाकून नेलं तर पैसे पाण्यात. थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पॅकला चिकटणार नाही असं गुंडाळून न्या. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको, फ्रीझरमध्ये तर नकोच, गोठलं की वाया. त्यानंतर कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं, कारण मगज जोरानं काम करतो. त्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजून. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या स्वतःहून नकोत. प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव वाढतो, किडनीवर ताण येतो.

लाल दिवसांत गोठ्यात जाणं, शेण काढणं, सारवणं, कडब्याची किंवा जुन्या भुशाची गंजी उपसणं, हळद पॉलिशच्या धुळीत उभं राहणं बंद. बुरशीचे कण तिथंच असतात. अनवाणी रानात नाही, ऊसतोडीला नाही. यात्रा, लग्न, गणपतीची गर्दी टाळायची. भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणणं आपल्याकडं अवघड. मग पंधराव्या दिवसानंतरची तारीख द्या. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यानं उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करावी, त्यात त्याचा अपमान नाही. घरातल्या सगळ्यांनी बाहेरून आल्यावर साबणानं हात धुणं हे मास्कपेक्षाही कामाला येतं.

खाणं

डॉक्टर सांगतात "प्रोटीन वाढवा" आणि घरचे महागडा पावडरचा डबा आणतात. तो वाईट नाही, पण आधी हिशोब बघा. वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम लागतं. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम, पेलाभर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७ ते ८, घट्ट वरणाची वाटी ५ ते ७. दोन अंडी, दोन पेले दूध, मूठभर कूट, दोन वाट्या वरण, बघता बघता ४५-५० होतात. किडनीचा त्रास असेल तर हा हिशोब डॉक्टरांशी.

तोंड आल्यावर भाकरीचा पापुद्रा आणि कडा टोचतात. ती दुधात किंवा पातळ आमटीत कुस्करून द्या. ज्वारीच्या कण्या ताकात, नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं, मेतकूट-मऊ भात, तांदळाची उकड, हे आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहे. मटण शिजवताना कांदा-लसूण मसाला पडण्याआधीचं अळणी बाजूला काढायची पद्धत तर या कामासाठीच असावी अशी. खर्डा, ठेचा, लिंबू, चिंच, हे तोंड बरं होईपर्यंत दूर. तोंड आलेलं नसेल आणि नुसती चव गेली असेल, सगळं धातूसारखं लागत असेल, तर उलट लिंबू, कोकम, पुदिना यांनीच जीभ जागी होते, आणि स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा बरा वाटतो.

"कच्चं काही खायचं नाही, फळं बंद" हा सरसकट नियम आता फारसा मानला जात नाही, स्वच्छता महत्त्वाची. केळं, संत्रं, मोसंबी, डाळिंब ही सालीची फळं घरी सोलून. तासगावची द्राक्षं मणी सुटे करून वाहत्या पाण्यात चोळून धुतली तर चालतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मातीला टेकून वाढते आणि तिचा खरबरीत पृष्ठभाग नीट धुतला जात नाही, म्हणून लाल दिवसांत ती शिजवून. कच्ची खायचीच तर नंतर खा. रसवंतीचा बर्फ घातलेला उसाचा रस, गाड्यावरची पाणीपुरी, कापून ठेवलेली कलिंगडाची फोड, न तापवलेलं धारोष्ण दूध, अर्धकच्चं अंडं नको. मोड आलेली कडधान्यं शिजवूनच. सकाळचं अन्न संध्याकाळी खायचं तर वाफ येईपर्यंत तापवून.

पाण्याबाबत पावसाळ्यात कडक राहा. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलाय. नळाला गढूळ पाणी आलं की उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळायचं, झाकून ठेवायचं, आणि त्यात हात न बुडवता ओगराळ्यानं काढायचं. दुष्काळी भागातल्या टँकरच्या पाण्यालाही हाच नियम.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र: उपचार संपेपर्यंत उपवास सोडावा असं माझं स्पष्ट मत. साबुदाण्यात प्रोटीन नावाला असतं. ज्यांना अगदी मोडवत नाही त्यांनी त्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा एवढं तरी भरपूर घ्यावं.

कुणीतरी गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र आणून देतंच. त्यांची तळमळ खरी असते. पण गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, बरीच केमो यकृतातूनच निचरते, आणि कच्च्या रसातून जंतू जातात. सांगलीची हळद भाजीत जितकी पडते तितकी पडू दे. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत. चालू असलेलं काहीही लपवू नका.

हात, पाय, केस

ऑक्सालिप्लॅटिन लागलं की पाच-सहा दिवस गार काही सोसत नाही. फ्रीजचं दार धरलं तरी बोटांत झटका, गार पाण्याच्या घोटानं घसा आवळल्यासारखा होतो. श्वास घुसमटल्याचं वाटतं, पण कोमट पाणी प्यायल्यावर सुटतं; नाहीच सुटलं तर दवाखाना. साताऱ्याच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे फरशीवर अनवाणी पाय, गार हंड्याला हात, दुचाकीवरचा वारा, सगळं टाळायचं. मोजे, मफलर, अंघोळीपासून भांड्यांपर्यंत कोमट पाणी.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सालिप्लॅटिन, व्हिंक्रिस्टिन यांनी हातापायाला मुंग्या येतात, मग बधिरपणा. त्यात धोका असा की तव्याचा चटका, चपलेतला खडा कळत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईनं चिमटा वापरावा, रोज रात्री तळपाय बघावेत. ब्लाउजचे हूक लावता येईनात, चप्पल पायातून निसटते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोस कमी करायचा निर्णय त्यावर होतो, आणि उशीर झाला तर बधिरपणा राहून जातो. आपणहून जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाढवून तो थांबत नाही.

कॅपेसिटॅबिननं तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, बारा तासांच्या अंतरानं. चुरायची नाही, दुसऱ्यानं उघड्या हातानं हाताळायची नाही. कडक कोल्हापुरी चपलेऐवजी मऊ स्लीपर, कपडे आपटणं-पिळणं दुसऱ्याकडं, १० टक्के युरिया असलेलं मलम दिवसातून दोन-तीनदा. दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत १ टक्का डायक्लोफिनॅक जेल दिवसातून दोनदा लावल्यानं हा त्रास बराच कमी झाला. जेल कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. डॉक्टरांना विचारून पहिल्या सायकलपासून लावता येतं.

केस दोन-तीन आठवड्यांनी जातात, ते औषधावर अवलंबून. सगळ्या केमोनं जात नाहीत. लांब केस आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके बघावे लागत नाहीत. वस्तऱ्यानं तुळतुळीत नको, मशीननं. बायकांच्या टकलेकडं गाव कसं बघतं हे वेगळं सांगायला नको. सुती टोपी आणि वर पदर, त्यापुढं कुणाला उत्तर देणं लागत नाही. उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात.

थकव्यासाठी दिवसभर पडून राहणं हा उपाय नव्हे, त्यानं स्नायू आणखी गळतात. सकाळी ऊन चढायच्या आत दहा मिनिटं अंगणातल्या अंगणात चालायचं, हळूहळू वीस. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या विचारून. केमोतला अशक्तपणा बहुधा मगज दबल्यानं असतो, नुसत्या लोहानं भरत नाही.

पंधराव्या दिवसानंतर

हे बरे दिवस. अंगात जीव येतो, तोंडाला चव येते. खाऊन घ्यायचे ते याच दिवसांत. आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करा. सायकलमध्ये दोन किलो उतरलं तर सांगा. दाताचं काम, फ्लूची लस यांसाठी कुठले दिवस चालतील ते विचारून याच काळात बसवा. जिवंत जंतूंच्या लसी मात्र केमोत नाहीत. पिक लाईन असेल तर आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लशिंग. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, अंघोळीला प्लास्टिक गुंडाळून.

योजनेतून उपचार चालू असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून महात्मा फुले योजनेतली शिल्लक विचारून ठेवा; कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे, आणि तपासण्या, पेशींची इंजेक्शनं त्यात बसतात का हे आधी कळलेलं बरं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबत्याला सवलत आहे, एसटीत पेशंटला आहे. दवाखान्याचा दाखला लागतो, तो केमोच्या दिवशीच मागून घ्या.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी सीबीसी, सोबत किडनी-यकृताच्या तपासण्या. न्यूट्रोफिल साधारण हजार-दीड हजाराच्या वर आणि प्लेटलेट लाखाच्या आसपास असल्याशिवाय बहुतेक डोस लावत नाहीत. डॉक्टरांपुढं "सगळं ठीक होतं" म्हणू नका. उलट्या किती दिवस, तोंड कितव्या दिवशी, जुलाब किती वेळा, ताप कधी, हे कालनिर्णयाच्या चौकटीतच लिहिलेलं असलं तर पान फाडून नेता येतं. पेशी कमी भरल्या तर डोस आठवडाभर पुढे जातो. गाडी भाड्यानं केलीय, रजा काढलीय म्हणून आजच लावा असा आग्रह धरू नका. नवी तारीख मिळाली की पुढच्या पानावर पुन्हा १ पासून आकडे टाकायचे, आणि लाल चौकटीही नव्यानं.